एक्केचाळिसावा साक्षीदार

करंबोळीच्या खाडीत पहिल्यांदा मासे मेले तेव्हा दिगंबर जुवळेने कोणालाच दोष दिला नाही. दुसऱ्यांदा मेले तेव्हा त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तिसऱ्यांदा, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, भरतीबरोबर बोय, शेंगट्या आणि पालू पांढरी पोटं वर करून अख्ख्या काठाला लागले. तेव्हा त्याने एक बादली भरली, पाच किलोमीटर चढ चालून रसायनांच्या कारखान्यात गेला आणि ती बादली व्यवस्थापकाच्या टेबलावर उलटी केली.

"जेवा," तो म्हणाला. "आमी रोज ह्येच जेवतो."

संध्याकाळी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. टेबलाच्या नासाडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. गुन्हा होता साक्षमुद्रेविरुद्ध खोटी तक्रार केल्याचा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

साक्षमुद्रा कायदा येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याआधी कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नोंदी कोण कशा बदलतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून सरकारने माणूसच काढून टाकला. प्रत्येक कारखान्याच्या नळावर, दवाखान्याच्या टाकीवर, दूधसंघाच्या आणि रक्तपेढीच्या थंडपेटीवर एकेक मीटर बसला. मीटर दर दहा मिनिटांनी मोजमाप करी आणि त्याखाली आपली गणिती मुद्रा उमटवून पाठवी. मुद्रा जुळली की पडद्यावर हिरवी अक्षरं येत: साक्ष ग्राह्य. ती आली की विषय संपला. कोर्टानेही त्यापुढे दुसरा पुरावा पाहायचा नाही, असं कलमच होतं.

कारखान्याच्या मीटरवर गेले अकरा महिने दर दहा मिनिटांनी हिरवी अक्षरं येत होती. पाणी स्वच्छ. पारा शून्य.

दिगंबरची धाकटी बहीण रसिका चिपळूणला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. बातमी कळली तशी ती रविवारी गावी आली. पडवीत वहिनी, सुगंधा, दोन्ही हात खोबरेल तेलाच्या थाळीत बुडवून बसली होती. कालवं काढता काढता तिच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. रसिकाने ते हात पाहिले, पण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"दादा, विष वरच्या अंगाने कुठून तरी दुसरीकडून येत असेल," ती म्हणाली. "कारखान्याच्या नळातून नसेल. तो मीटर दर पंधरवड्याला तीन खात्यांची माणसं तपासतात. आणि मीटरमधून निघालेला आकडा वाटेत कोणाला बदलता येत नाही. ती मुद्रा खोटी असू शकत नाही."

"कोन म्हनतं?"

"गणित म्हणतं."

दिगंबर पागाचं जाळं विणत होता. त्याने सुई खाली ठेवली. "मी त्या नळाच्या तोंडाशी उभा व्हतो. पानी पिवळं व्हतं, डोळं झोंबत व्हतं. तुजं गनित व्हतं का थय?"

"तू चुकत असशील, एवढंच म्हणतेय मी."

"म्हंजे मी खोटा."

"खोटा नाही रे..."

"मग हिचं हात खोटं?" त्याने बायकोचा हात मनगटाला धरून वर केला. तेल रसिकाच्या साडीवर ठिबकलं. "सरकार खोटा म्हनतंय, कारखाना खोटा म्हनतोय. आता घरातली शिकलेली पन तेच म्हनतेय. जा तू चिपळूनला. पोरांस शिकव जा."

ती गेली. वाटेत तिला दादाचा राग आला, मग स्वतःचाही आला. त्या दिवसापासून दिगंबरने तिचा फोन उचलला नाही.

खटला जिल्ह्याच्या जलसाक्ष लवादापुढे चालणार होता. दिगंबरचं वकीलपत्र मेहरुन्निसा परकार यांनी घेतलं होतं. खाडीपलीकडच्या गावातल्या, साठीच्या, फटकळ बाई. त्यांनी रसिकाला बोलावलं.

"मला ही मुद्रा सोप्या मराठीत समजावून लिहून द्या," त्या म्हणाल्या. "ती मोडता येत नाही म्हणतात, तर का नाही, ते तरी मला कळू दे. मग दुसरी वाट शोधते."

रसिकाने कायद्याचं परिशिष्ट मागवलं. त्यात सहाशे सतरा अंकांची एक संख्या छापलेली होती. अर्धं पान भरून नुसते अंक. राज्यातल्या एकतीस हजार मीटरांच्या मुद्रा याच एका आकड्यावर उभ्या होत्या. प्रत्येक मीटरपाशी एक गुपित संख्या आणि तिच्यापासून बनवलेली एक जाहीर संख्या. जाहीर संख्येवरून गुपित खणून काढायला जगातल्या सगळ्या संगणकांना युगं लागतील. मात्र एका अटीवर. तो सहाशे सतरा अंकी आकडा मूळ संख्या असला पाहिजे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जाता कामा नये. तो आकडा संयुक्त निघाला, तुकड्यांचा गुणाकार निघाला, आणि ते तुकडे कोणाला ठाऊक असले, तर एका अभेद्य कुलपाच्या जागी तीन किरकोळ कुलपं उरतात. मग कुठल्याही मीटरचं गुपित काढा आणि त्याच्या नावाने हवी ती साक्ष द्या.

एवढी मोठी संख्या मूळ आहे हे ओळखायचं कसं? भागाकार करत बसलं तर सूर्य विझेल. त्याला एक जुनी, सुंदर युक्ती आहे. सात ही संख्या घ्या. सातातून एक गेला, सहा. तीनचा सहावा घात करा, सातशे एकोणतीस. त्याला साताने भागा, बाकी एक. तीनऐवजी दोन घ्या, पाच घ्या, बाकी एकच. संख्या मूळ असेल तर असंच होतं. आता नऊ घ्या. दोनचा आठवा घात दोनशे छप्पन्न, नवाने भागा, बाकी चार. म्हणजे नवाचे तुकडे न करताच कळलं की नऊ मूळ नाही. त्या दोनला, तीनला, पाचला गणितात साक्षीदारच म्हणतात. संख्येबद्दल त्यांना विचारायचं. एकाने जरी "नाही" म्हटलं, तरी ती संयुक्त. त्यावर अपील नाही.

पण काही संख्या ढोंगी असतात. पाचशे एकसष्ट म्हणजे तीन गुणिले अकरा गुणिले सतरा, उघड संयुक्त. तरी तिच्याबद्दल दोनला विचारा, पाचला विचारा, बाकी एक. साक्षीदार खोटं बोलतात. चाचणी अजून कडक केली की पाचशे एकसष्ट पकडली जाते. पण कडक चाचणीलाही फसवणाऱ्या अवाढव्य संख्या बांधता येतात. फक्त कोणते साक्षीदार बोलावणार, हे आधी ठाऊक पाहिजे. म्हणून शहाणा तपासनीस साक्षीदार ऐनवेळी, चिठ्ठ्या टाकून निवडतो.

रसिकाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी पुण्यात तिने तीन वर्षं हेच केलं होतं. ठरलेल्या साक्षीदारांना फितवणारी संख्या कशी बांधावी, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तीन मूळ संख्या अशा जुळवायच्या की पहिलीतून एक वजा करून ठरावीक पटीत वाढवली आणि पुन्हा एक मिळवला की दुसरी आणि तिसरी यावी. मार्गदर्शक होते डॉ. अच्युत रिसबूड. तिची तीन प्रकरणं वाचून ते म्हणाले होते, "ही कोडी झाली, रसिका. संशोधन नव्हे. असली संख्या कोणाला लागणार आहे?" लिहिलेला संगणकीय कार्यक्रम त्यांनी ठेवून घेतला. तिचा धीर खचला. त्याच वर्षी वडील गेले, ती प्रबंध अर्धा टाकून परतली आणि पुढे अकरावीला घातांकांचे नियम शिकवत राहिली.

बुधवारी दुपारी, परीक्षा संपून प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिने तो आकडा संगणकात घातला. परिशिष्टात लिहिलं होतं: पहिल्या चाळीस मूळ संख्या साक्षीदार म्हणून घ्याव्यात. दोनपासून एकशे त्र्याहत्तरपर्यंत. चाळिसांनी एकमुखाने सांगितलं, मूळ आहे. ती वकीलबाईंना तसं लिहायला बसली आणि पहिल्याच वाक्यावर थांबली. ठरलेले चाळीस? नेहमी तेच? कायद्यात छापून?

तिने एक्केचाळिसाव्याला बोलावलं. एकशे एकोणऐंशी.

एकशे एकोणऐंशी म्हणाला, नाही.

तिने पुन्हा विचारलं. नाही. एकशे एक्क्याऐंशीला विचारलं. नाही. आकडा संयुक्त होता. सहा वर्षं अख्ख्या राज्याच्या पाण्याची, दुधाची, रक्ताची साक्ष एका ढोंग्याच्या तोंडून चालली होती.

आता एक शंका उरली होती आणि ती तपासायला तिचा हात धजेना. पटीचे आकडे ठाऊक असतील तर असल्या संख्येचे तुकडे करणं म्हणजे नुसतं घनमूळ काढणं. तिच्या जुन्या कार्यक्रमात ते आकडे होते दोनशे एकोणतीस आणि दोनशे सत्त्याहत्तर. तिने तेच घातले. मुख्य संख्येला दोन्हींनी भागून घनमूळ काढलं, आजूबाजूला किंचित सरकून भाग जातो का ते पाहिलं.

गेला. दोनशे चार अंकी मूळ संख्या पडद्यावर उभी राहिली, मागोमाग तिची दोन भावंडं.

चोराने पट बदलण्याचीही तसदी घेतली नव्हती.

ती उठली, खुर्ची मागे आपटली. शिपाई डोकावला, "मॅडम, काय झालं?" तिने मान हलवून त्याला परत पाठवलं. वहिनीचे हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. "गणित म्हणतं," असं ती दादाला म्हणाली होती. स्वतःच्याच तोंडाने.

गुरुवारी ती सरळ खाडीवर गेली. दिगंबर होडीच्या तळाला डांबर लावत होता. काठावर सडक्या माशांचा वास अजून तसाच होता. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मीटर खरा आहे, नळातून विषच वाहतंय, मीटर ते मोजतोही, पण मधल्या मध्ये कोणीतरी त्याच्या नावाने दुसराच आकडा पाठवतं. तुझं बरोबर होतं, दादा.

दिगंबरने ऐकून घेतलं. "आन् ही किल्ली कोनी बनवली?"

ती खोटं बोलू शकली असती. "मी," ती म्हणाली. "पुण्यात असताना. मला ठाऊक नव्हतं ती कशाला..."

"तू."

"माझ्याकडून घेतली रे सरांनी."

"तू बनवलंस." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "वर घरात येऊन मलाच खोटा ठरवलंस. सात पोरं वांत्या करत व्हती गावात. तुजा आकडा त्यांच्या घशात गेला काय ग?"

"मी हे निस्तरते, दादा."

"निस्तर. मग तोंड दाखव." तो पाठ फिरवून पुन्हा होडीकडे वळला. हातातला ब्रश मात्र एकाच जागी फिरत राहिला.

शनिवारी ती पुण्यात रिसबूडांच्या दारात उभी होती. सर आता सत्तरीचे, राज्याच्या संकेतन सल्लागार समितीचे प्रमुख. भिंतीवर मानपत्रं, टेबलावर सोललेल्या संत्र्याच्या फोडी. त्यांनी तिला ओळखलं आणि ती का आली तेही ओळखलं.

"बस. संत्रं घे."

"दोनशे एकोणतीस हा माझ्या वडिलांच्या होडीचा नंबर आहे, सर. दोनशे सत्त्याहत्तर माझ्या मेसच्या बिल्ल्याचा. तुम्ही बदलायलाही विसरलात."

रिसबूडांनी चष्मा काढून पुसला. "मी नाही विसरलो. मला ठाऊकच नव्हतं ते कुठून आले. मला वाटलं तुझी काही खोल कारणं असतील."

"तुम्ही मला म्हणालात, याचा काही उपयोग नाही."

"तेव्हा नव्हता. पुढे झाला. रसिका, जरा शांतपणे ऐक. एवढी मोठी व्यवस्था उभी करताना शासनाला एक मागचं दार हवं असतं. उद्या मीटर कोणी परकीयाने ताब्यात घेतले तर? युद्ध झालं तर? मी ते दार दिलं. एक पैसा घेतला नाही."

"किल्ली कोणाला दिलीत?"

"समितीला. सात जणांना."

"आणि सातांतल्या कोणी ती कारखान्याला दिली?"

सरांनी संत्र्याची एक फोड उचलली. मग म्हणाले, "ते माझ्या कक्षेत येत नाही."

"माझ्या वहिनीच्या हातांना कातडी नाही!" ती ओरडली. आतल्या खोलीत कोणीतरी चालता चालता थबकल्यासारखं वाटलं. "तुमची कक्षा कुठे संपते, सर? या संत्र्यांपाशी? तिकडे पोरं ओकतायत आणि तुमच्या पडद्यावर हिरवी अक्षरं! मी तेव्हा चोवीस-पंचवीसची होते. तुम्ही म्हणालात कोडी, मी मान खाली घातली. एकोणीस वर्षं मला वाटत आलं की मी मठ्ठ आहे!"

"तू मठ्ठ कधीच नव्हतीस."

"ते तेव्हा सांगायचं होतं!"

रिसबूडांनी हात वर केला, जणू वर्गात गडबड चालली आहे. "व्यवहाराचं बोलू. तू तुकडे जाहीर केलेस तर एका तासात एकतीस हजार मीटर आंधळे होतील. रक्तपेढ्या, दवाखाने, लहान मुलांचं दूध. कोणीही उठून कोणाच्याही नावाने साक्ष देईल. ते तुला हवंय? मी दोन फोन करतो. तुझ्या भावावरचा खटला मागे घेतला जाईल. वर्षभरात आकडा गुपचूप बदलू. आणि शेवटचं, तुझ्या भल्याचं सांगतो. ही संख्या तुझी आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. प्रबंध तू दाखल केला नाहीस. कुठेच नाव नसणं हे आज तुझं संरक्षण आहे. ते घालवू नकोस."

ती उठली. दारात वळून म्हणाली, "वर्षभरात किती भरत्या येतात खाडीला, माहीत आहे? रोज दोन. मोजा तुम्ही."

पण रिसबूडांच्या बोलण्यातला एक भाग खरा होता आणि परतीच्या एसटीत तो तिला टोचत राहिला. तुकडे चव्हाट्यावर मांडायचे नाहीत. दवाखान्यांशी तिचं वैर नव्हतं. परकार बाईंनाही ते पटलं. साक्षीदार मात्र जाहीर करता येत होता. एकशे एकोणऐंशी. त्याने आकडा खोटा ठरतो, पण किल्ली कोणाच्या हाती पडत नाही.

"आणि समोरचा वकील म्हणाला, संयुक्त असला तरी फोडता कुठे येतो कोणाला, तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी फोडून दाखवीन. तिथल्या तिथे."

"म्हणजे खोटी मुद्रा बनवणार. सात वर्षं शिक्षा आहे त्याला."

"माहीत आहे."

बाईंनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. "मी वकील म्हणून नको म्हणते," त्या म्हणाल्या. "ते म्हणून झालं. आता काय काय लागेल सांगा."

एका मीटरचं गुपित खणून काढायला कॉलेजच्या प्रयोगशाळेतले चाळीस संगणक नऊ दिवस अखंड चालले.

सुनावणीच्या दिवशी लवादाच्या सभागृहात करंबोळीची तीस-पस्तीस माणसं आली होती. दिगंबर आरोपीच्या जागी, पांढऱ्या सदऱ्यात. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

परकार बाईंनी रसिकाला तज्ज्ञ म्हणून उभं केलं. तिने एकशे एकोणऐंशीचं सांगितलं. लवादाच्या कारकुनाने लवादाच्याच संगणकावर हिशेब केला. उत्तर तेच आलं: मूळ नाही. सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष, एक थकलेले, सज्जन दिसणारे गृहस्थ, पुढे वाकले.

मोजणी प्राधिकरणाचे वकील हसत उठले. "महोदय, घटकाभर मानू की आकडा संयुक्त आहे. छपाईची म्हणा, निवडीची म्हणा, चूक. पण सहाशे सतरा अंकी संख्येचे तुकडे करणं आजही माणसाच्या आवाक्यात नाही. कुलूप थोडं वेगळ्या धातूचं निघालं, म्हणून ते उघडलं असं होत नाही. आणि कायदा स्पष्ट आहे. मुद्रा जुळली की साक्ष ग्राह्य. एका मच्छीमाराच्या नाकाडोळ्यांवर राज्य चालत नाही."

करंबोळीच्या माणसांतून कोणीतरी शिवी हासडली. अध्यक्षांनी टेबल वाजवलं.

"या इमारतीच्या पिण्याच्या पाण्यावर मीटर आहे ना?" रसिकाने विचारलं.

"अर्थात," वकील म्हणाले.

तिने एक लहानशी चकती कारकुनापुढे ठेवली. "ही नोंद तपासणी यंत्रात घाला."

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंद उमटली. लवाद इमारत, पेयजल. वेळ, आज सकाळची. पारा, सुरक्षित मर्यादेच्या नव्वद पट. शिसं, चाळीस पट. खाली यंत्राने मुद्रा ताडून पाहिली आणि ठसठशीत हिरवी अक्षरं आली.

साक्ष ग्राह्य.

अध्यक्षांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला.

"प्या ना, महोदय," रसिका म्हणाली. "ही नोंद मी घरी बसून बनवली. पाणी चांगलं आहे. तुमच्या नाकाला वास येत नाही, जिभेला चव लागत नाही. पण कायदा म्हणतो नाक-जीभ खोटी, हिरवी अक्षरं खरी. मग आता हे विष आहे. आणि कोणी म्हणालं की पाणी चांगलं आहे, तर त्याला दोन वर्षं तुरुंग! माझ्या भावाला जो कायदा, तो या पेल्याला नको?"

अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. वकील खाली बसले होते. कधी बसले ते कोणाला कळलं नव्हतं.

परकार बाईंनी बंद पाकीट पुढे केलं. "यात आकड्याचे तीनही तुकडे आहेत. फक्त लवादासाठी. ही संख्या चुकून निवडलेली नाही, महोदय. ती बांधलेली आहे. बांधणाऱ्याच्या हातून ती कोणाकडे गेली, ते शोधणं आपल्या हातात आहे."

निकाल पाच दिवसांनी आला. दिगंबर निर्दोष. साक्षमुद्रेचं ते कलम स्थगित. दवाखाने आणि रक्तपेढ्यांना आठ दिवसांत नवा आकडा. कारखान्याचा नळ बंद, माणसांनी हाताने नमुने घेईपर्यंत. रिसबूडांच्या समितीची चौकशी.

गावात ढोल वाजला नाही. नमुने घ्यायला आलेल्या बाईंनी सांगितलं की गाळात मुरलेला पारा निघायला वीस-पंचवीस वर्षं लागतील. सुगंधा ते ऐकून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. रसिकाला वाटलं होतं, निकालानंतर राग उतरेल. उलट आता तो पसरला. त्या सात जणांतला तो एक, ज्याने किल्ली विकली, आज कुठेतरी आरामात चहा पीत असेल. आणि सर चौकशीत सांगत होते की तो आकडा एका जुन्या संग्रहात सापडला होता, कोणी बनवला ते सांगता येत नाही.

खोटी मुद्रा बनवल्याचा गुन्हा मात्र ताबडतोब दाखल झाला. रसिकाला कॉलेजने निलंबित केलं. जबाबासाठी बोलावणं आलं तेव्हा परकार बाईंनी बजावलं, "मुद्रेचं कबूल करा, तिथे शंभर माणसांनी पाहिलंय. पण तो आकडा कोणी बनवला हे विचारलं तर गप्प राहायचं. त्याचा पुरावा नाही. हो म्हणालात तर कटातल्या पहिल्या आरोपी तुम्ही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर सुटाल बहुतेक."

"आणि सर?"

"तेही." बाईंनी फाईल मिटली.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर दिगंबर बसला होता. तो येणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती जवळ जाताच तो उठला, तिच्या बरोबरीने आत आला आणि न विचारता तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"राग गेला नाय माजा," तो समोर बघत म्हणाला.

"माझाही नाही गेला."

फौजदार शेडगे तरुण होता, अदबीने बोलत होता. मुद्रेचं लिहून झालं. मग त्याने चौकशीच्या कागदातलं पान उलटलं. "सहाशे सतरा अंकी संख्या. ही कोणी तयार केली, याबद्दल आपल्याला काही माहिती?"

परकार बाईंनी घसा खाकरला.

रसिकाने कागदावर छापलेले ते अंक पाहिले. तीन वर्षं रोज सकाळी लवकर उठून, वसतिगृहाच्या गच्चीवर, वहीवर वही भरत ती या आकड्यांमागे धावली होती. कोणीच विचारलं नव्हतं तेव्हा. आईने नाही, दादाने नाही, सरांनी नाही. लिहून घ्यायला म्हणून पहिल्यांदा विचारलं ते या माणसाने, आणि तेही तिला आत टाकायला.

"मी," ती म्हणाली.

"मॅडम, नीट विचार करून..."

"मी बनवली. कशी बनवली ते ओळीने सांगते, लिहून घ्या. कोणाच्या हातात दिली, कोणत्या महिन्यात, कोणत्या खोलीत, तेही. आणि बनवणाऱ्याच्या जागी पूर्ण नाव लिहा. रसिका आत्माराम जुवळे. जुवळेतला ळ नीट काढा."

फौजदाराने वकीलबाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्याने नाव लिहिलं, पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"व्यवसाय?"

शिक्षिका म्हणावं तर कॉलेजने निलंबित केलं होतं. ती थांबली, तेवढ्यात शेजारून दिगंबर पुढे वाकला आणि फौजदाराच्या कागदावर बोट ठेवलं.

"गनित करते ती," तो म्हणाला. "लिहा."